सुईचा काही संबंध नाही

सोमवार, ३ मार्च

डाव्या हाताचं प्लास्टर आज निघालं. आतून जो हात बाहेर आला तो माझा वाटेना. काडीसारखा, पांढरट, सालपटं निघालेला. चार दिवस पाण्यात राहिला की येईल ताळ्यावर.

प्लास्टर निघालं की सुटले, असं मी धरून चालले होते. पण हाडांच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीहूनही लहान आहेत आणि त्यांना प्रश्न फार पडतात. पडलात कशा, हे त्यांनी मनगट मोडलं तेव्हाच विचारलं होतं. आज पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं: पायपुसण्यात पाय अडकला, तोल गेला, हात टेकला. यात न समजण्यासारखं काय आहे?

"तेच तर," त्या म्हणाल्या. "घरातल्या घरात नुसता हात टेकून मनगट मोडायला नको. हाडांची घनता तपासू. आणि पाठीचा एक्स-रे काढू."

"मोडला हात, आणि फोटो पाठीचा?"

"बघू तर खरं."

मग उंची मोजली. त्यांच्या भिंतीवरची पट्टी चुकीची ठोकलेली आहे. कॉलेजात माझी उंची एकशे बासष्ट होती, या पट्टीवर एकशे सत्तावन्न भरली. मी तसं सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि सत्तावन्नच लिहून घेतलं.

तिथून थेट पोहण्याच्या टँकवर. इतके दिवस सकाळची बायकांची बॅच मी काठावर खुर्ची टाकून घेत होते. आज पाण्यात उतरले आणि पुन्हा तेच. उथळ बाजूला उभं राहिलं की पाणी माझ्या पोशाखाच्या छातीखालच्या शिवणीच्या खाली हवं. आज शिवण बुडाली. गेलं वर्षभर मी पंपवाल्याला सांगतेय की तू पाणी जास्त भरतोस.

"मॅडम, पाणी पट्टीला आहे," तो म्हणाला. "तुम्हीच या, बघा."

"मग पट्टी चुकीची आहे."

एका दिवसात दोन चुकीच्या पट्ट्या. लोकांना कुठलंच काम नीट करायला नको.

घरी आले तर वन्सं दारातच. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही. हे जाऊन अकरा वर्षं झाली, आणि नणंद-भावजय एका घरात राहूनही दोघी जिवंत आहोत याचं शेजाऱ्यांना अजून नवल वाटतं. वन्संची पाठ कमरेपासून वाकली आहे. त्यांना माणसांची तोंडं दिसत नाहीत, पायताणं दिसतात, आणि त्या तेवढ्यावरून माणूस ओळखतात.

"चपला आपटत आलीस," त्या म्हणाल्या. "म्हणजे डॉक्टरणीनं काहीतरी काढलेलं दिसतंय."

"काही नाही. तपासण्या."

"रक्ताची पण?"

"असेल."

"अरे देवा," वन्सं म्हणाल्या, आणि गालात हसल्या. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.


शुक्रवार, ७ मार्च

सगळ्या तपासण्या एका दिवसात उरकल्या. हाडांच्या तपासणीत काहीच करायचं नसतं. आडवं पडायचं, वरून यंत्र फिरतं. एक्स-रेही तसाच. रक्ताचं मात्र त्या लोकांनी उगीच लांबवलं. मी त्या वेळात समोरचं कॅलेंडर वाचलं. एप्रिलमध्ये पाच मंगळवार आहेत. नंतर थोडा वेळ बाकावर आडवं व्हावं लागलं, कारण त्या खोलीत खिडकीच नाही. इतक्या लोकांची ये-जा असलेली खोली आणि खिडकी नाही! तिथल्या बाईंनी मला साखरेचं पाणी आणून दिलं. मी त्यांना खिडकीबद्दल सुनावलं.


सोमवार, १० मार्च

निकाल कळला. जसं ऐकलं तसं लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझंच मला खोटं वाटायला नको.

हाडं ठिसूळ आहेत. थोडीथोडकी नाहीत, चांगलीच. पाठीचा एक मणका चेपलेला आहे, तोही आजचा नाही, कधीचा तरी.

"मला कळलं कसं नाही?" मी विचारलं.

"पुष्कळांना कळत नाही. मध्यंतरी कधी पाठ दुखली होती?"

"या वयात पाठ कुणाची दुखत नाही?"

"तेच."

त्यांच्या या "तेच"चा मला आता वैताग आलाय.

मी म्हटलं, डॉक्टर, मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली बाई आहे. चाळीस वर्षं रोज पोहतेय. निम्म्या गावाला मी पोहायला शिकवलंय. माझी हाडं ठिसूळ कशी?

त्या शांतपणे म्हणाल्या, "पोहणं हृदयाला चांगलं, फुप्फुसांना चांगलं. पण पाण्यात हाडांवर भार पडत नाही, आणि भार पडल्याशिवाय हाडं बळकट होत नाहीत."

"म्हणजे चाळीस वर्षं मी चुकीच्या जागी उभी होते?"

"चुकीच्या नाही. पाण्यात."

पोरीला विनोदबुद्धी आहे, हे मान्य करावं लागेल.

मग मुद्द्यावर आल्या. इंजेक्शन. रोज एक, मांडीवर किंवा पोटावर, घरच्या घरी, आपलं आपण. साधारण दोन वर्षं. त्यानंतर दुसरं औषध, कमावलेलं टिकवायला.

"गोळ्या नाहीत?"

"आहेत. पण गोळ्या असलेलं हाड सांभाळतात. हे औषध नवं हाड तयार करतं. तुमचा मणका चेपलाय, मनगट मोडलंय. मी तुमच्या जागी असते तर याच औषधाने सुरुवात केली असती."

"सांभाळणं काय वाईट?"

"सांभाळण्याइतकं असेल तर चांगलंच."

पुन्हा पडले तर पुढची पाळी खुब्याची असू शकते, हेही त्यांनी सांगितलं. खुबा मोडला तर टँक विसरायचा, कदाचित चालणंही. निर्णय तुमचा, म्हणाल्या, पण फार रेंगाळू नका. आणि तोवर कुणाला उचलू नका.

मी म्हटलं, विचार करून सांगते.

माझा विचार साधारण नकाराकडे आहे. माणसानं औषधाच्या दावणीला बांधून घेऊ नये. रोज म्हणजे रोज, कुठे जायची सोय नाही. शिवाय ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, आणि आमच्या फ्रीजचं दार नीट लागत नाही. शिवाय भोक पडलेल्या मांडीने सार्वजनिक पाण्यात उतरणं आरोग्याच्या दृष्टीने कितपत योग्य, हाही प्रश्न आहेच.


मंगळवार, ११ मार्च

लेकीचा फोन. तिला वन्सांनी सगळं आधीच सांगितलं होतं. टेलिफोन खातं सुटलं तरी सवय सुटत नाही.

"आई, घे ना. इतकं काय?"

"फ्रीजचं दार लागत नाही."

"फ्रीज मी घेऊन देते. आई, खरं सांग. सुईचं आहे ना?"

"सुईचा काही संबंध नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"माझ्या लसी टोचायला बाबाच न्यायचे मला. प्रत्येक वेळी."

"मला टँक असायचा."

"रविवारी पण?"

फोनवर खरखर फार येत होती. ठेवला.


शनिवार, १५ मार्च

आज दोन गोष्टी घडल्या. आधी सोपी.

बॅचमध्ये बँकेतली एक कॅशियर आहे. दोन महिने झाले, कठडा सोडत नाही. बाकीच्या तिला कठडाताई म्हणतात. आज मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, कठडा कुठे पळून जात नाही, जरा सोडून बघा.

"मॅडम, भीती वाटते हो."

"कशाची?"

"पाण्याची."

"पाण्याकडे बघितलंय का कधी? तुम्ही डोळे गच्च मिटून उभ्या असता. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघायचं. निम्मी भीती तिथेच जाते."

"तुम्हाला कधीच कशाची भीती वाटली नाही?"

"नाही," मी म्हटलं, आणि शिट्टी वाजवली.

दुसरी गोष्ट. वन्संची आंघोळ. त्या न्हाणीघरात स्टुलावर बसतात, मी पाणी घालते, आणि शेवटी काखेत हात घालून त्यांना उभं करते. मनगट मोडलं होतं तेव्हा शेजारची मोलकरीण हे करून जायची. आज मी स्वतः करायचं ठरवलं. उचलू नका असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, पण वन्संचं वजन ते काय! "उठा," म्हटलं आणि उचललं. अर्ध्यात आल्या आणि माझ्या मनगटातून अशी कळ गेली की हात सुटला.

वन्सं धप्पकन खाली बसल्या.

त्याच म्हणाल्या, "अगं, खांबासारखी काय उभी राहिलीस? मी स्टुलावरून स्टुलावरच पडले."

"लागलं का?"

"ज्यावर पडले तिथे अजून थोडं मांस आहे. तुझं मनगट बघ आधी."

मनगट ठीक आहे. पण स्टूल दोन बोटं इकडे असतं तर खाली फरशी होती, ओली.

संध्याकाळी चहा घेताना त्या काही बोलेनात. वन्सं गप्प म्हणजे काहीतरी बिघडलंय. म्हणून मीच विषय काढला. पंपवाल्याची तक्रार सांगितली, वर्षभर पाणी जास्त भरतोय आणि वर पट्टी दाखवतो. वन्सं आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"माझी फळी अशीच वर गेली होती," त्या म्हणाल्या.

"कुठली फळी?"

"स्वयंपाकघरातली. चहाच्या डब्याची. माझा हात पुरायचा, आणि मग एकदा पुरेना. मी सुताराला बोलावून झापलं. तू फळी वर सरकवलीस म्हणून. तो बिचारा शपथा घेत होता. मी त्याला ती खाली घ्यायला लावली. वर्षानं पुन्हा पुरेना. पुन्हा खाली घेतली. तिसऱ्यांदा सुतार आलाच नाही." त्यांनी कप बशीत ठेवला. "आमच्या वेळी हे कुणी मोजत नव्हतं ग. मोजलं असतं तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. कदाचित म्हटलं असतं, माझ्या फ्रीजचं दार लागत नाही."

मी कपबशा विसळायला उठले.


सोमवार, १७ मार्च

टँकवर लवकर गेले. कुणी आलं नव्हतं. पंपवाला जाळी घेऊन पानं काढत होता. मी पाण्यात उतरून उथळ बाजूला उभी राहिले. टाइल्सवरची निळी पट्टी बघितली. पाणी बरोबर पट्टीला होतं. पट्टी टाइल्समध्येच भाजलेली आहे, ती कुणाला खालीवर करता येण्यासारखी नाही. हे मी बरीच वर्षं रोज बघत आले आहे.

बाहेर येऊन पंपवाल्याला म्हटलं, "पाणी ठीक आहे."

तो जाळी घेऊन तसाच उभा राहिला. "काय झालं मॅडम? बरं नाही का?"

"ठीक आहे म्हटलं ना."

मी त्याला माफ केलं आहे, असं त्यानं समजायला हरकत नाही.


मंगळवार, १८ मार्च

ठरवलं. इंजेक्शन घेणार.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला, पण त्यांनी तो दाखवला नाही. एवढी शिस्त त्यांच्याकडे आहे. सुई रोज नवी लावायची, पेन मात्र तेच, ते महिनाभर चालतं. कसं घ्यायचं ते शिकवायला सिस्टरांकडे पाठवलं.

सिस्टर गोड बाई आहेत, पण शाळेतल्या पोरांना शिकवावं तसं शिकवतात. पेन असं धरायचं, सुई अशी फिरवून बसवायची, आधी मोठं झाकण काढायचं, मग छोटं... इथे त्यांनी ते उघडं करून माझ्यासमोर धरलं. त्याच वेळी माझं लक्ष भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे गेलं. अतिशय चांगलं चित्र आहे. हाडांची नावं सुबक अक्षरात लिहिली आहेत. आम्हाला कॉलेजात असं चित्र असतं तर किती बरं झालं असतं.

"समजलं ना?" सिस्टरांनी विचारलं.

"समजलं."

"एकदा तुम्ही करून दाखवता?"

"मी शरीरशास्त्र शिकलेली आहे," मी म्हटलं. त्यांनी पेन बंद करून माझ्या हातात दिलं.


बुधवार, १९ मार्च

पहिलं इंजेक्शन घेतलं.

खोलीचं दार लावून घेतलं होतं. वन्सं बाहेरून म्हणत होत्या, "मी येऊन बसू का?" हे काही बघण्यासारखं नाही, असं सांगितलं. पलंगावर बसले. सुई बसवली, झाकण काढलं, डोळे मिटले. डोळे मिटल्याने मन एकाग्र होतं. पेन मांडीवर टेकवलं, दाबलं, पाच आकडे मोजले.

काहीही नाही! खरोखर काहीही नाही. बोटाने दाबल्यासारखं वाटतं, बस्स. विज्ञान किती पुढे गेलंय आणि आपण मात्र जुनी भीती बाळगून बसतो. दुसरे लोक, म्हणायचं आहे मला.

मांडीवर थोडं पाणी आलं, ते पुसून टाकलं. जास्तीचं असणार.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, खरंच? दुखलं नाही?"

"दुखण्यासारखं काही नसतंच. लोक बाऊ करतात."

वन्सांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तू ओरडली पण नाहीस."

"ओरडायचं काय?"

"काही नाही. मी कापूस धरून बसले होते कानात घालायला."


सोमवार, २४ मार्च

रोज घेते. आता सवयीचं झालं. आज बॅचमध्ये विषय निघाला तेव्हा बायकांना स्पष्ट सांगितलं की, मन घट्ट असलं की सुई टोचल्याचं कळतसुद्धा नाही. कठडाताई माझ्याकडे बघतच राहिली.

वन्सं हल्ली आंघोळ करत नाहीत, ओल्या पंचाने अंग पुसून घेतात. थंडी वाजते म्हणे. पंखा लावून बसतात आणि थंडी वाजते म्हणतात! म्हातारपणी माणसं हट्टी होतात.


मंगळवार, १ एप्रिल

आज काय झालं ते लिहायलाच हवं. इथे नाही लिहिलं तर कुठे लिहिणार?

सुया संपत आल्या होत्या म्हणून सिस्टरांकडे गेले. त्यांनी चौकशी केली. चक्कर? नाही. पायात गोळे? नाही. मळमळ? नाही.

"सुरुवातीला बऱ्याच जणांना घेतल्यावर थोडी चक्कर येते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एकदाही नाही?"

"मला असलं काही होत नाही."

"टोचल्या जागी दुखतं? लाल होतं?"

"टोचल्याचं कळतसुद्धा नाही."

सिस्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "कळतसुद्धा नाही?"

"जरासुद्धा नाही."

"आजचं घ्यायचं आहे ना अजून? इथेच घ्या. मी फक्त बघते."

पेन मी सोबतच्या थंड पिशवीत आणलं होतं. मला लपवण्यासारखं काही नव्हतं. सुई बसवली, झाकण काढलं, डोळे मिटले, दाबलं, आकडे मोजले.

"मॅडम," सिस्टर हळूच म्हणाल्या, "जरा डोळे उघडता?"

उघडले.

"आता सुईकडे बघा."

सुईकडे बघितलं. सुई नव्हतीच तिथे. सुईच्या जागी एक छोटंसं हिरवं प्लॅस्टिकचं टोपण होतं, आणि त्याच्या टोकाशी औषधाचा थेंब लोंबत होता.

"हे पण काढायचं असतं," सिस्टर म्हणाल्या. "मोठं काढल्यावर हे."

"म्हणजे इतके दिवस..."

"औषध टोपणात जात होतं."

सिस्टर हसल्या नाहीत. त्या इतक्या निश्चयाने हसल्या नाहीत, की शेवटी त्यांना खोलीबाहेर जावं लागलं. परत आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या आणि सोबत डॉक्टरीणबाई होत्या.

डॉक्टरीणबाईंनी मला बसायला सांगितलं, जरी मी बसलेलीच होते. म्हणाल्या, काही बिघडलेलं नाही. अपाय तर नाहीच, फक्त उपायही झालेला नाही. मग त्या जे म्हणाल्या ते माझ्या डोक्यातून जात नाही. "खरं सांगायचं तर औषध अजून सुरूच झालेलं नाही. त्यामुळे तुम्ही अजूनही नको म्हणू शकता. गोळ्यांचा मार्ग आहे. माझं मत तुम्हाला माहीत आहे, पण जबरदस्ती नाही. शांतपणे विचार करा."

मी त्यांना खडसावणार होते की, मी एकदा ठरवलेलं बदलत नाही. पण नुसतं पेन पिशवीत ठेवलं आणि उठले. कारण त्यांनी "गोळ्या" म्हटल्याबरोबर मला किती बरं वाटलं, ते माझं मला कळलं होतं.

वन्सांना सांगितलं. त्या हसल्या. खुर्चीचा हात धरून, पदर तोंडात कोंबून हसल्या. "आपलं ठेवायचं झाकून म्हणतात," त्या म्हणाल्या, "ते तू सुईलाही लागू केलंस!"

"हसा. सगळं गाव हसेल उद्या."

"आणि त्या बँकेतल्या बाईला डोळे उघडायला सांगत होतीस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"वन्सं, पुरे."

"लग्न होऊन आलीस त्या वर्षी साथ होती. लस टोचायला नगरपालिकेची माणसं आली, तर तू सापडेना. माझ्या भावानं तुला माळ्यावर शोधून काढलं. गाद्यांच्या मागे. तुला काय वाटतं, या घरात कुणाला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"तू सुईला भितेस ते."

सुईचा काही संबंध नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

इथे लिहून बघते. मला सुईची भीती वाटते.

लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलंय.


बुधवार, २ एप्रिल

आज इंजेक्शन घेतलं नाही. विचार करतेय, असं मी स्वतःला सांगते.

गोळ्या घ्यायला काय हरकत आहे? आठवड्यातून एकदा, पाणी प्यायचं, थोडा वेळ ताठ बसायचं. ताठ बसणं मला जमतं. डॉक्टर नाराज होतील, पण रागावणार नाहीत. लेकीला सांगायचीही गरज नाही. सकाळभर मी मनातल्या मनात गोळ्या घेत होते.

दुपारी न्हाणीघर घासायला गेले. वन्संचं स्टूल कोपऱ्यात उलटं ठेवलेलं, कोरडं ठणठणीत. कोळ्यानं पायांमध्ये जाळं विणायला घेतलेलं. मी स्टूल उचललं आणि बाहेर येऊन विचारलं, "वन्सं, तुम्ही आंघोळीला बसत का नाही?"

"सांगितलं ना. थंडी वाजते."

"पंख्याखाली बसलाय तुम्ही."

"म्हातारीला पंख्याखाली पण थंडी वाजते. तुला नाही कळायचं."

आणि मला कळलं. त्या ज्या ठामपणे बोलल्या ना, तो ठामपणा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. खिडकी नसलेली खोली, फ्रीजचं दार, रविवारचा टँक. मी ही भाषा आयुष्यभर बोलत आले आहे.

"थंडीचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "मी तुम्हाला उचलायला नको, म्हणून."

वन्सं बराच वेळ जमिनीकडे बघत राहिल्या. त्यांना दुसरीकडे बघताही येत नाही म्हणा. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी पडले त्याचं काही नाही ग. मी पडायच्याच वयाची आहे. पण तुझा चेहरा... चेहरा मला दिसला नाही, पण तुझे पाय थरथरत होते. तेवढे मला दिसतात. म्हटलं, हिची हाडं माझ्यापायी मोडली तर मग दोघींना कोण उचलणार? अंग पुसून घेतलं की भागतं."

"भागत नाही. तुम्हाला गरम पाण्याची आंघोळ आवडते."

"आवडायला काय, मला नाचायलाही आवडायचं."

मी स्टूल घासायला घेतलं.

वन्संसाठी एक कणखर बाई रोज अर्धा तास ठेवायची, हे ठरवून टाकलं. त्यांनी विरोध केला, मी आवाज चढवला, त्या गप्प बसल्या. हे झालं वन्संचं. राहिलं माझं. ते उद्या.


गुरुवार, ३ एप्रिल

संध्याकाळी पेन काढलं. आज दार लावलं नाही. वन्सांना बोलावलं, पलंगावर शेजारी बसवलं.

"मला कशाला बोलावलंस?" त्या म्हणाल्या.

"मी डोळे मिटले तर सांगा."

"तुझा चेहरा मला दिसत नाही."

"मग काय दिसतं?"

"मांडी. माझी नजर बरोबर तेवढीच जाते. आयुष्यात पहिल्यांदा या पाठीचा काही उपयोग होतोय."

सुई बसवली. मोठं झाकण काढलं. मग छोटं, हिरवं. ते हातात इतकं चिमुकलं लागतं की एवढ्याशा गोष्टीनं मला फसवलं याचा राग आला. राग आला ते बरं झालं. आणि मग सुईकडे बघितलं.

बारीक आहे. केसाहून थोडी जाड, नखाएवढीही लांब नाही. मी बघत राहिले. डोळे मिटावेसे वाटले, गच्च, पूर्वी मिटायचे तसे.

"वन्सं, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

"त्या पंपवाल्याला नव्या चपला घे ग," त्या म्हणाल्या. "परवा तो टँकच्या सुट्टीचा निरोप घेऊन आला होता, तर चपलेचा अंगठा तुटलेला. वर्षभर तुझं ऐकून घेतलंय बिचाऱ्याने. आणि रंग काळा नको, तपकिरी—"

टोचली.

चावली मुंगीसारखी. एवढंच. पाच आकडे मोजले, सुई बाहेर काढली, मांडीवर सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका आला. पाणी नाही. मी तो ठिपका वन्सांना दाखवला, त्या आणखी वाकून बघत म्हणाल्या, "शाब्बास, मास्तरीणबाई."

मी उभी राहायला गेले आणि खोली गरकन फिरली. पलंग धरला, बसले, मग आडवीच झाले. कपाळाला घाम आला. वन्सं घाबरल्या, "काय होतंय? काय होतंय ग तुला? डॉक्टरणीला फोन लावू?" म्हणून माझा हात चाचपायला लागल्या, आणि मला हसू फुटलं. आवरेना.

"वन्सं, चक्कर आली!"

"मग हसतेस काय वेड्यासारखी?"

"अहो, चक्कर आली! म्हणजे औषध आत गेलं!"

वन्संचा हात माझ्या हातावर थांबला. मग त्याही हसायला लागल्या, आणि हसता हसता माझ्या हातावर थापट्या मारायला लागल्या. त्यांच्या हाताला अजून बरीच ताकद आहे. आम्ही दोघी तशाच होतो, एक आडवी, एक वाकलेली, चक्कर उतरेपर्यंत. थोड्या वेळाने उतरली. पाणी प्यायले. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं. बसून घ्या, लगेच उठू नका, म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी आनंद दाखवला.

पेन फ्रीजमध्ये ठेवलं. दार दोनदा ढकललं की नीट लागतं.

आज डावी मांडी झाली. उद्या उजवी.